ओसाड स्टेशनाचा इतिहास लिहायला बसताय?

अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या ओसाड स्टेशनाचा इतिहास लिहायला घेतलात ना? मग आधी एक लांब सुस्कारा सोडा. पहिलं वाक्य 'इथे एकेकाळी...' असंच आलं पाहिजे.

स्टेशन तिथेच का झालं, हे शक्यतो सांगू नका. वाफेच्या इंजिनाला दर थोड्या मैलांवर तहान लागायची, म्हणून पाण्याची टाकी आली, टाकीमागून फलाट आणि फलाटामागून गाव, ही फार अरसिक हकीगत झाली. नावाच्या खोलातही शिरू नका. नेब्रास्कात एका रेल्वे कंपनीने क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमॉन्ट अशी इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळीने गावांची बारशी उरकली. त्यापेक्षा एखादा द्रष्टा संस्थापक शोधा. दाढीवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तारबाबूवर मात्र हात सैल सोडा. रुळांच्या बाजूला पुढे काढलेल्या त्याच्या खिडकीतून बसल्या जागी दोन्हीकडची गाडी दिसायची. तारयंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा खोचलेला, म्हणजे कडकट्ट कसं खणखणीत ऐकू येई. न थांबणाऱ्या गाडीसाठी तो काठीच्या कड्याला हुकमाचा कागद अडकवून रुळांलगत उभा राही आणि धडधडत्या इंजिनातला माणूस त्या कड्यात हात खुपसून कागद घेऊन जाई. (हे लिहिताना डोळे पाणावले तर पुसू नका, शैलीला बरं असतं.)

मग खलनायक. मोटार! फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि तिने रेल्वे खाल्ली, असं ठोकून द्या. ती विकत कुणी घेतली, या भानगडीत पडू नका. आजोबांचं नाव निघायचं. १९१६ साली देशात अडीच लाख मैलांहून जास्त लोहमार्ग होते, हा आकडा ठळक छापा. पुढे डिझेल इंजिनाला टाकीची गरज उरली नाही, १९६७ साली टपालखात्याने बहुतेक गाड्यांवरचं टपाल काढून घेतलं, १ मे १९७१ ला अ‍ॅमट्रॅक ही देशभरच्या प्रवासी गाड्या चालवणारी सरकारी कंपनी आली आणि उरल्यासुरल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्या एका फटक्यात गेल्या, हे सगळं एका ओळीत उरका. 'गाडी बंद करू नका' म्हणून सांगायला गावकरी सुनावणीला कशात बसून गेले, ते तर गाळाच.

शेवटी फोटो. गवत, तिरका पडलेला फलक, सायंकाळचं ऊन. फक्त मागे उभी केलेली तुमची गाडी चौकटीत येत नाही ना, तेवढं बघा.