घोडीचा खोकला, हेलेज आणि आपले ऊन

गेल्या फेब्रुवारीत आमची थोरली घोडी खोकू लागली. सुरुवातीला हा खोकला फक्त सकाळी वैरण टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत येई, पुढे फेरीला काढल्यावरही येऊ लागला, आणि मार्चअखेर श्वास सोडताना बरगड्यांच्या कडेने पोट आवळल्याची रेघ स्पष्ट दिसू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा संसर्ग नाही. वाळलेल्या गवतातील धूळ आणि बुरशीचे कण श्वासनलिकेत जाऊन होणारा, माणसाच्या दम्याच्या जातीचा आजार आहे, आणि वैरणीत बदल केल्याशिवाय नुसत्या औषधाने तो हटणार नाही.

तेव्हापासून मला दोन सल्ले सातत्याने मिळत आहेत. आयर्लंडमध्ये घोड्यांच्या पागेवर काम करणारा भाचा म्हणतो, "मामा, हेलेज मागवा, इथे खोकणाऱ्या घोड्यांना तेच देतात." शेजारचे गोठेवाले दादा म्हणतात, "हेलेज म्हणजे आपला मुरघासच की. माझ्याकडे बॅग उघडलेलीच आहे, न्या." हेलेज म्हणजे अर्धवट सुकवून हवाबंद गुंडाळलेले गवत, आणि मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला ओला चारा. दोघांनाही घोडीची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी दोन्ही नाकारले. मुरघास आता गावोगावी होतो आणि तो घोड्यांच्या पुढ्यात पडलेलाही मी पाहिला आहे, म्हणून नकाराची कारणे येथे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट, हेलेज आणि मुरघास एक नव्हेत. चांगल्या वाळलेल्या गवतात पाण्याचा अंश साधारण 15 टक्क्यांपेक्षा कमी असतो. हेलेजसाठी गवत कापून एखाद-दोन दिवस सुकवतात, त्यात 30 ते 50 टक्के पाणी राहिले असताना गाठोडे घट्ट दाबतात आणि प्लॅस्टिकच्या अनेक पदरांत हवाबंद करतात. मुरघास त्याहून पुष्कळ ओला, म्हणजे 60 ते 75 टक्के पाण्याचा असतो. या ओलाव्यामुळेच मुरघास जोरात आंबतो, त्याची आम्लता भरपूर वाढते आणि त्या आम्लावर तो टिकतो. हेलेज कोरडे असल्याने जेमतेम आंबते. ते टिकते ते मुख्यतः आत हवा नसल्यामुळे. प्लॅस्टिकला उंदराने किंवा कावळ्याने एक भोक पाडले, तरी त्याचा आधार गेला.

आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत का रुजली, हे समजून घेण्यासारखे आहे. तिकडे गवत उत्तम तयार होते ते मे ते जुलैमध्ये, आणि नेमके तेव्हा सलग चार-पाच दिवस कोरडे ऊन मिळेलच याचा भरवसा नसतो. एक-दोन दिवसांच्या उघडिपीत कापून गुंडाळता येणारे हेलेज ही त्या हवामानातून निघालेली शहाणी वाट आहे. त्यात धूळ अगदी कमी असते, पाला गळून वाया जात नाही आणि पोषणही बहुधा सुक्या गवतापेक्षा सरस असते. भाच्याचे म्हणणे त्याच्या जागी पूर्णपणे योग्य आहे.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. आपले डोंगरगवत पाऊस सरता सरता फुलोऱ्यावर येते आणि त्या वेळी ऑक्टोबरचे कडक ऊन आपल्या दाराशी उभे असते. गवत वाळवणे ही आपली समस्या नाही. ते उशिरा कापणे आणि वाईट साठवणे ही आहे. पवन्या आणि मारवेल ही चांगली गवते फुलोऱ्यात असताना विळा लावायचा, तर मजूर मिळेपर्यंत दिवाळी उलटून जाते, गवताची काडी होते, आणि कुसळी गवताला तोवर कुसळे धरलेली असतात, जी घोड्याच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. पुढे हीच वैरण उघड्यावर गंजीत राहते, अवकाळी पावसात वरचा थर भिजतो, आत बुरशी धरते, आणि फेब्रुवारीत पेंढी सोडली की पांढरा धुरळा उडतो. माझ्या घोडीचे नेमके हेच झाले. दोष माझा आहे. गंजीत हात घातल्यावर ऊब लागत होती आणि कुबट वासही येत होता, तरी वरच्या पेंढ्या काढून खालच्या चांगल्या असतील असे मी मानले.

आता हिशेब पाहू. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के कोरडा चारा पोटात जावा लागतो. माझी घोडी सुमारे 350 किलोची आहे, म्हणजे तिला सुकी वैरण सात-आठ किलो, आणि 40 टक्के पाणी असलेले हेलेज दिले तर दहा-बारा किलो लागेल. दोन घोड्यांचे मिळून दिवसाला वीस-बावीस किलो झाले. हेलेजचे मोठे गाठोडे सहज अडीचशे किलोचे असते. ते उघडल्यावर तिकडच्या थंडीतही चार-पाच दिवसांत संपवावे लागते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकल्यावर दोन दिवसांचाही भरवसा मी देणार नाही. अडीचशे किलो दोन दिवसांत संपवायला माझ्या दावणीला दहा-बारा घोडे हवेत. मोठ्या पागांना हे गणित जमेल. एक-दोन जनावरे बाळगणाऱ्याला जमत नाही.

बिघडलेल्या हेलेजचा धोका किरकोळ नाही. हवाबंद, ओलसर आणि पुरेशी आम्लता नसलेल्या चाऱ्यात बोट्युलिझमचे जीवाणू विष तयार करू शकतात, आणि कापणीत उंदीर किंवा साप चिरडून गाठोड्यात गेला असेल तर हा धोका आणखी वाढतो. या विषापुढे घोडा अत्यंत नाजूक आहे. जीभ लुळी पडते, घास गिळता येत नाही, पाय थरथरतात, जनावर बसते आणि बहुतेक वेळा पुन्हा उठत नाही. घोड्याला उलटीही करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत येण्याचा मार्गच नाही.

दादांच्या मुरघासाबद्दल मला याहून ठामपणे सांगायचे आहे. आपला मुरघास बहुतेक ठिकाणी मक्याचा, कणसासकट कुट्टी केलेला असतो. गाईच्या पोटात चारा आधी कोठीपोटात आंबतो आणि तेथील सूक्ष्मजीव बरेच काही पचवून, बरेचसे निष्प्रभ करून पुढे पाठवतात. घोड्याचे पोट लहान, आणि त्याचे आंबवण असते मागे, मोठ्या आतड्यात. मक्याचा स्टार्च न पचता तेथे पोहोचला की पोटशूळ उठतो, खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. त्यातच बुरशी लागलेल्या मक्यातील फ्युमोनिसिन हे विष घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळवते, आणि या विषाला घोड्याइतके बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही. गाई चकाकतात म्हणून तीच बॅग घोड्यापुढे रिकामी करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मी निवडलेला मार्ग साधा आहे. वैरण आधी कोरडी तोलतो, मग स्वच्छ पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे बुडवतो, निथळतो आणि ओली असतानाच घालतो. त्याने धूळ बसते. अधिक वेळ भिजवले तर गवतातील साखर आणि क्षार पाण्यात उतरतात, आणि उन्हाळ्यात तर गवत आंबूही लागते; म्हणून उरलेली ओली वैरण दुसऱ्या वेळेसाठी ठेवत नाही आणि ते तपकिरी पाणी कोणत्याही जनावराला पाजत नाही. मात्र बुरशी लागलेले गवत भिजवून चांगले होत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. वैरण जमिनीवर घालतो, कारण मान खाली राहिली की श्वासनलिकेतील कफ खाली उतरून बाहेर पडतो. आणि जे मला सर्वांत उशिरा उमगले ते असे, की वैरण भिजवून घोडी मात्र धुळीच्या भाताच्या पेंढ्यावरच उभी केली, तर सारे कष्ट फुकट जातात. पेंढा बदलून मी लाकडाचा जाडसर, धूळ चाळलेला भुसा अंथरला, आणि झाडलोट करताना घोडी बाहेर बांधू लागलो. वैरणीतला बदल एका दिवसात न करता दोन आठवड्यांत केला, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांना नव्या वैरणीची सवय व्हायला तेवढा काळ लागतो.

मे महिन्यात ती रेघ पुसट झाली आणि सकाळचा खोकला थांबला. धावपळ केली तर अजून एखादा ठसका येतो.

उद्या कोणी आपल्याकडे मक्याचे नव्हे, तर मारवेलसारख्या गवताचे, नीट सुकवून वीस किलोच्या छोट्या हवाबंद पिशव्यांत भरलेले आणि तपासलेले हेलेज बनवू लागला, तर खोकणाऱ्या घोड्यासाठी मी ते आनंदाने विकत घेईन. ऑक्टोबरच्या कापणीवर परतीच्या पावसाचे सावट असते तेव्हा त्याची खरी गरजही भासेल. तोवर यंदाची कापणी फुलोरा दिसताच सुरू करायची, वैरण पत्र्याखाली आणि जमिनीपासून वितभर उंच फळ्यांवर रचायची, हे मी ठरवले आहे. मजुरांशी बोलणे झाले आहे. पवन्याला पहिले तुरे दिसताच ते येणार आहेत.