"स्क्रीनशॉट जेपीजीच करा" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवू नका, जेपीजी करा, साईज दहापट कमी होते, क्वालिटी तीच राहते, पीएनजीमुळे फोन स्लो होतो, आणि लागलंच तर नंतर परत पीएनजी करता येतं." (पीएनजी आणि जेपीजी म्हणजे चित्र फाईलमधे साठवायच्या दोन पद्धती.) माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे स्क्रीनशॉटच प्रिंट करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ते "क्वालिटी तीच राहते". नाही राहत. जेपीजी १९९२चं स्टँडर्ड, बनवलंच फोटोंसाठी, नावातला पी म्हणजेच फोटोग्राफिक. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे, म्हणजे चित्रातल्या बारीक ठिपक्यांचे, चौकोन पाडतं आणि त्यातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतं. आकाश, चेहरा, झाडं यात ते खपून जातं, पण पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की नेमकी अक्षराची कडाच बिघडते आणि आजूबाजूला राखाडी ठिपके दिसायला लागतात. त्यात आपली देवनागरी! सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट कमी क्वालिटीत जेपीजी करा आणि झूम करून बघा, अनुस्वार फिसकटलेला दिसेल, घ आणि ध मधे फरक तो काय, डोक्यावरच्या रेघेतली एवढीशी फट, भ आणि म चं पण तेच, आणि ती फटच बुजते. लाल अक्षरांचे तर अजून हाल, कारण जेपीजीत बऱ्याचदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतात.

मागे एक मावशी पोराच्या फीचा स्क्रीनशॉट घेऊन आल्या, कुठल्यातरी साईज कमी करायच्या ॲपमधून काढलेला, मग क्रॉप केलेला, मग परत सेव्ह. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, १२ आकडी, त्यातला एक आकडा ३ आहे का ८ हे आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी पोराला फोन लावून त्याच्या ॲपमधून नंबर परत काढायला लावला. तासभर गेला त्यात, आणि त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती.

"दहापट कमी" हे पण सरसकट खरं नाही. पीएनजी १९९६चं, त्यात काहीच टाकून देत नाहीत, एकसारखा रंग आणि परत परत येणारा भाग फक्त थोडक्यात लिहून ठेवतात. म्हणून साधं पांढरं पान आणि त्यावर मजकूर असेल तर पीएनजी कधीकधी चांगल्या क्वालिटीच्या जेपीजीपेक्षा लहानच भरतं. हां, स्क्रीनवर मोठा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर पीएनजी फुगतं, तिथे जेपीजी खुशाल करा, मी पण करतो.

फोन स्लो व्हायचं म्हणाल तर स्टोरेज भरेल हे मान्य, पण चित्र उघडल्यावर फोनच्या चालू मेमरीत (रॅममधे) किती जागा लागणार हे पिक्सेलवर ठरतं. १०८०×२४०० चा स्क्रीनशॉट पिक्सेलला ४ बाइट धरले तर १ कोटीच्या वर बाइट घेतो, मग फाईल पीएनजी असो की जेपीजी.

आणि "नंतर परत पीएनजी करता येतं", हे सगळ्यात घातक. करता येतं, पण गेलेलं परत येत नाही, बिघडलेलं चित्रच मोठ्या फाईलमधे जाऊन बसतं. नुसतं नाव बदलून .png केलं तर तेवढंही होत नाही, आतली फाईल जेपीजीच असते.

पोर्टल जेपीजीच मागत असेल तर मूळ पीएनजी तशीच ठेवा आणि तिची कॉपी काढून ती कॉपी जेपीजी करा, सेव्ह करताना क्वालिटी १०० पैकी ९०च्या आसपास. व्हॉट्सॲपवर मला पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तुमच्याकडे आहे तीच फाईल माझ्या कॉम्प्युटरवर उघडते.