दान करा, पण व्याजाने

वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांसाठी तुमचा जीव तुटतोय आणि अमेरिकेत तुमची एखादी बलाढ्य कंपनीही आहे? मग घाईघाईत चेक फाडू नका. आधी कृष्णवर्णीयांना पाठिंबा म्हणून इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाका. २ जून २०२० ला सगळ्यांनी टाकला होता. फुकटात काम झालं.

मग आकडा जाहीर करा, डोळे दिपवणारा. मे २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर तिथल्या पन्नास सर्वांत मोठ्या कंपन्यांनी मिळून सुमारे ४९.५ अब्ज डॉलर जाहीर केले. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने वर्षभराने हिशेब तपासला, तर त्यातले ४५ अब्जांहून अधिक कर्जं आणि गुंतवणुकीच्या रूपात निघाले. त्यातही निम्म्याहून जास्त गृहकर्जं! हप्ते कर्ज घेणाऱ्यांनी फेडायचे, पुण्य तुमच्या खात्यावर. पोलीस आणि न्यायव्यवस्था सुधारू पाहणाऱ्या संस्थांना मिळाले साधारण ७ कोटी डॉलर, तोंडी लावण्यापुरते. लोक रस्त्यावर उतरले होते ते मात्र पोलिसांमुळेच, पण ते असो.

अगदीच रोख द्यावी लागली, तर कशासाठी हे तुम्हीच ठरवा. १९२० च्या दशकात एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची संस्था लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याविरुद्ध, झगडत होती. तिला पैसा देणाऱ्या गार्लंड फंडाचा ओढा शिक्षणाकडे, आणि संस्थेचा रोखही हळूहळू तिकडे वळला, असं अभ्यासक मेगन मिंग फ्रान्सिस दाखवून देतात. त्या वाटेवर शाळांमधली वर्णावरून केलेली विभागणी बेकायदा ठरवणारा १९५४ चा मोठा निकाल लागला, हे नाकारून चालणार नाही. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायद्याला मात्र २०२२ उजाडलं.

माँटगोमेरीच्या जॉर्जिया गिलमोरबाईंचा कित्ता तर मुळीच गिरवू नका. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध १९५५ मध्ये सुरू झालेल्या बस बहिष्कारात ही स्वयंपाकीण मैत्रिणींना गोळा करून चिकन तळायची, केक भाजायची, विकायची आणि गल्ला आंदोलनाच्या सभेत नेऊन द्यायची. बहिष्कार ३८१ दिवस चालला. माणसांना कामावर पोचवणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला असे पैसे लागत. मंडळाचं नाव काय, तर 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', कारण देणाऱ्याचा पत्ता कुणाला लागता कामा नये! ना लोगो, ना प्रगती अहवाल. ब्रँडिंगच्या नावाने आनंदीआनंद.

आणि हो, वारं फिरलं की दुकान आवरा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प आले आणि त्याच आठवड्यात टार्गेट या दुकानसाखळीने वांशिक समानतेचा आपला कार्यक्रम गुंडाळला. कंपनीचं मुख्यालय मिनियापोलिसात, फ्लॉइडला मारलं त्याच शहरात. त्यावर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बहिष्काराची हाक आली, तेव्हा ताळेबंदात तेवढी एक तरतूद करून ठेवा.