एका सेकंदाचा पाचशेवा भाग

पोट फरशीला टेकवून, हनुवटी कॅमेऱ्यामागे दडवून आणि दाराच्या फटीत शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज काढीत मी एका काळ्या कुत्र्याची गेली वीस मिनिटे विनवणी करीत होतो, आणि तो माझ्याकडे पाठ करून भिंतीचे पोपडे न्याहाळत होता. त्याचे नाव शांताराम. हे नाव त्याला स्वभावावरून मिळाले नसून, निवाऱ्यातल्या मावशींनी ते निव्वळ आशेपोटी ठेवले होते, हे मला पुढे कळायचे होते.

या अवस्थेला मीच जबाबदार होतो. निवाऱ्यातल्या कुत्र्यामांजरांना घरे मिळावीत म्हणून त्यांचे बरे फोटो काढणारे कोणी हवे आहे, असे कानावर येताच ‘माझ्याकडे कॅमेरा आहे’ हे वाक्य मी बोलून गेलो. घरात पेटी असणे आणि ती वाजवता येणे यांत जेवढे अंतर असते तेवढेच इथेही असते, पण गरजवंतांना तेवढा विचार करायला सवड नसते.

त्यांचे आधीचे फोटो मी पाहिले होते. उभ्याने, वरून, गजांच्या आडून आणि फ्लॅश मारून काढलेले. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. अंधारात दिसावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय फ्लॅशपुढे मात्र त्यांच्या मुळावर येते. हिरवे पेटलेले डोळे आणि समोर गज, असे ते फोटो पाहून प्राण्याला घरी आणण्यापेक्षा पोलिसांत वर्दी द्यावी, असेच कोणालाही वाटले असते.

तेव्हा फ्लॅश बंद, पिंजऱ्याबाहेरची जागा, खिडकीचा उजेड आणि प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, एवढे मी ठरवून गेलो होतो. यातली शेवटची अट कागदावर फार साधी दिसते. प्रत्यक्षात कुत्र्याच्या डोळ्यांची उंची म्हणजे माझ्या गुडघ्यांनी कित्येक वर्षांत न पाहिलेली उंची. शिवाय मांजराच्या पिल्लासाठी आणखी खाली जावे लागते, आणि तिथे गेल्यावर फरशी सकाळी नक्की कशाने पुसली आहे, याचे सविस्तर ज्ञान होते.

शांताराम काळा होता, हे दुसरे संकट. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे चौकटभर काळा कुत्रा दिसला की तो उजेड वाढवून त्याला राखेत लोळवून काढतो, आणि मागे उजळ भिंत असली की उजेड एवढा कमी करतो की कुत्र्याच्या जागी भोक पडते आणि त्या भोकातून फक्त एक जीभ लोंबते. माझ्या पहिल्या चाळीस फोटोंत दहा राखाडी शांताराम आणि तीस भोके होती. भोकांतही बहुतेकांना पाठ होती.

‘‘फार आळशी दिसतो हो हा,’’ मी मावशींना म्हणालो. ‘‘सारखा जांभया देतोय.’’

‘‘आळस नाही दादा, घाबरलाय तो,’’ मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या. ‘‘एवढा मोठा डोळा कुणी तुमच्यावर रोखला तर तुम्ही काय कराल?’’

मी लेन्सकडे समोरून पाहिले. मावशींचे बरोबर होते. कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे अनोळखी माणसाने टक लावून पाहणे हे भांडणाचे आमंत्रण असते, आणि मान फिरवणे, ओठ चाटणे, जांभई देणे ही ते आमंत्रण नाकारण्याची सभ्य पद्धत. म्हणजे अर्धा तास तो बिचारा माझ्याशी सभ्यतेने वागत होता आणि मी त्याच्याशी दोन हात करायला जमिनीवर लोळत होतो.

मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्याच्याकडे कूस करून नुसता बसून राहिलो. काही वेळाने एक ओले नाक माझ्या कोपराला लागले, मग कानाला, आणि त्यानंतर शांतारामची भीती जी गेली ती कायमची. आता अडचण उलटी झाली. कॅमेरा उचलला की तो लेन्सपर्यंत येऊन तिचा वास घेई, नंतर चाटून पाही. माझ्या लेन्सला फोकस साधायला हातभर तरी अंतर लागते, आणि शांतारामला मैत्रीत अंतर मान्य नव्हते. एकदा तो दोन पावले मागे हटला तेव्हा मी घाईने बटण दाबले. फोटोत नाकाच्या टोकावरचा एकूण एक खवला मोजून घ्यावा इतका स्पष्ट आला, डोळे मात्र धुक्यात.

मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा त्याने १२ कॅमेरे ओळीने मांडले होते आणि वाटेत आडव्या तारा लावल्या होत्या; घोडा जाताना तार ओढली जाई आणि कॅमेरा आपोआप चाले. त्या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. पण त्याचा घोडा एका दिशेने धावत होता, आणि त्याला तारा खाण्याची आवड नव्हती.

चूं चूं वाजणारे खेळणे आणले की कुत्रा कान टवकारून मान तिरकी करतो, असे जाणकार सांगतात, आणि ते खरे आहे. फक्त पहिल्यांदा तो मान तिरकी करतो, दुसऱ्यांदा डोळे फिरवतो आणि तिसऱ्यांदा त्याला तुमची कीव येते. त्यातून दोन्ही हात कॅमेऱ्याला लागल्यामुळे मी ते खेळणे दातांत धरले होते. पहिल्या चूंकाराला पलीकडच्या पिंजऱ्यांतली सगळी मंडळी एकदम ओरडू लागली. दुसरा मला काढताच आला नाही, कारण शांतारामने ते माझ्या तोंडातून हलकेच काढून घेतले. त्याचे दात माझ्या ओठांना लागले नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मधल्या वेळात मांजरांचेही काम उरकले. त्यांच्याविषयी एवढेच, की कॅमेरा खाली असेपर्यंत त्या संगमरवरी मूर्ती असतात, आणि वर येताच एक पाय आकाशात जातो.

शेवटी मी थकून भिंतीला टेकलो होतो. मावशींनी बाहेर फाटकाची कडी काढली. ती कट्ट वाजली आणि शांताराम ताठ बसला, तोंड मिटले, खिडकीचा उजेड त्याच्या दोन्ही डोळ्यांत ठिपक्यासारखा उतरला, आणि निवृत्त मुख्याध्यापकाने शाळेच्या जुन्या इमारतीकडे पाहावे तसे त्याने दाराकडे पाहिले. मी बटण दाबले. शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. पुढच्या फोटोत फक्त शेपटी आहे.

दिवसाअखेर ३०० फोटो झाले होते. हिशेब केला, तर चार तासांत माझ्या कॅमेऱ्याने प्राणीजगत एकूण सहा दशांश सेकंद पाहिले होते.

फोटोखाली मी ‘शांत, विचारी स्वभाव’ असे लिहिले. मावशींनी ते खोडायला लावले. फोटो पाहून माणूस येतो, पण कुत्रा मजकुरापेक्षा वेगळा निघाला की पंधरवड्यात परत आणून सोडतो आणि त्याचा त्रास कुत्र्याला होतो, असे त्यांचे म्हणणे. मग ‘माणसांची फार ओढ, भरपूर पळवावे लागेल, चपला उंचावर ठेवाव्यात’ असा मजकूर ठरला. फोटो मात्र मुख्याध्यापकांचाच राहिला.

तो पाहून एक जोडपे आले. मी त्या दिवशी तिथेच होतो. बाईंनी फोनवरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि मग समोर पाहिले, तिथे शांताराम मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यांच्या यजमानांच्या शर्टाचे तिसरे बटण उलगडण्याच्या प्रयत्नात होता.

‘‘फोटोतला तो हाच का?’’

‘‘हाच,’’ मी म्हणालो. ‘‘तेव्हा तो शांत बसला होता.’’

‘‘किती वेळ?’’

खोटे बोलण्याची सोय नव्हती. आकडा फोटोबरोबर नोंदलेलाच असतो. मी तो सांगितला. बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. यजमान तोवर खाली फरशीवर बसले होते आणि बटण सुटले होते.

‘‘मावशी,’’ ते खालूनच म्हणाले, ‘‘सही कुठे करायची?’’