तांबडा रस्सा, गूळ आणि आतड्याचा कॅन्सर : एका फॉरवर्डला उत्तर

तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत कोल्हापुरात एक मेसेज फिरतोय. लांबलचक आहे, पण सार एवढंच : ‘शौचाला रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध. आतड्याचा कॅन्सर साठीच्या आत होत नाही. झालाच तर तिखट रश्श्यानं होतो. साखर बंद करून गूळ खाल्ला की गाठ उपाशी मरते. बायोप्सी करू नका, चाकू लागला की पसरतो. अमेरिकेत सहा महिन्यांच्या इंजेक्शननं शंभर टक्के पेशंट ऑपरेशनशिवाय बरे झालेत, इथले डॉक्टर लपवतात. आणि रोज चालणं केमोपेक्षा सरस आहे हे आता सिद्ध झालंय.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘दहा जणांना पाठवा’.

शेवटची दोन वाक्यं खऱ्या संशोधनातून उचलून पार वाकवलेली आहेत, म्हणून हा मेसेज नेहमीच्या लिंबूपाणी-छाप मेसेजपेक्षा जास्त नडतो. एकेक वाक्य घेऊ.

‘रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध, आणि साठीच्या आत काही नसतं’

बहुतेक वेळा मूळव्याध असते, हे खरं. घोटाळा ‘म्हणजे’ या शब्दात आहे. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि मूळव्याध डोळ्यांना दिसली की पुढचं कुणी बघत नाही. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांब असतो, तपासणाऱ्याचं बोट सात-आठ सेंटीमीटरपर्यंत पोहोचतं. हातमोजा, थोडी जेली आणि एक मिनिट एवढ्याच भांडवलावर खालच्या भागातली बरीचशी गाठ हाताला लागते. ज्या दवाखान्यात ही तपासणी न करताच मलम आणि गोळ्या मिळतात, तिथून निदान घेऊन बाहेर पडू नये.

उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ तर बहुधा डोळ्यांना रक्त दाखवतच नाही. तिथं आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे अडथळाही लवकर येत नाही. रक्त थेंबाथेंबानं मळात मिसळून जातं. माणूस फक्त थकतो, जिना चढताना धापा टाकतो, हिमोग्लोबिन नऊवर आलेलं असतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं, लोह कमी झालं असेल तर ते कुठून गळतंय हे शोधलंच पाहिजे. डावीकडची गाठ वेगळी वागते : आतडं अरुंद, मळ घट्ट, म्हणून सवय बदलते. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, शौच बारीक, आणि जाऊन आलं तरी पोट साफ न झाल्याची भावना.

वयाचं म्हणाल तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं आपल्याकडच्या आठशे रुग्णांचा आढावा घेतला, त्यात सरासरी वय सुमारे ४७ निघालं. तरुणांत हा रोग का वाढतोय यावर २०२५ साली ‘नेचर’मध्ये महत्त्वाचं काम आलं. ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय आराखडा वाचला गेला. आतड्यातले काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात, ते डीएनएवर ओळखता येईल अशी खूण सोडतं. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांच्या गाठींत ही खूण सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडली. तीही लहानपणीच उमटलेली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा धागा आहे, सिद्धता नव्हे; पण ‘साठीच्या आत नाही’ एवढं तरी यानंतर कुणी म्हणू नये.

कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगितली तर ती वाया जाते ती बहुधा तयारीत. दोन दिवस आधीपासून पालेभाज्या, मटकी, पेरू-टोमॅटोच्या बिया बंद. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर आतडं काळपट चिकट राहतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच. पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून दिली असेल तर सगळी रात्रीच संपवण्यापेक्षा अर्धी रात्री आणि अर्धी तपासणीआधी चार-सहा तास घेतल्यानं आतडं जास्त स्वच्छ होतं. कोकम सरबत, बीट असलं लाल काही नको. कॅमेऱ्यात ते रक्तासारखं दिसतं. शेवटी लघवीसारखं पिवळं, स्वच्छ पाणी पडलं पाहिजे. तुकडे पडत असतील तर टेबलावर चढण्याआधी सांगा. गढूळ आतड्यात सपाट पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेली छोटी वाढ, दिसत नाही. हीच गोष्ट पकडायची असते, कारण पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात आणि पॉलिप त्याच तपासणीत काढता येतो.

‘तिखट रश्श्यानं होतो’

मिरचीवर खापर फोडायला पुरावा नाही. रश्श्यातलं मटण हा वेगळा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ साली सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं : रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मटण, बीफ, पोर्क हे ‘बहुधा कारणीभूत’ या खालच्या गटात आहेत. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा, असा सल्ला असतो. रविवारचं ताट त्यात बसतं. रोज धाब्यावर बसणारा बसत नाही. दारू, तंबाखू आणि सुटलेलं पोट यांच्याबद्दल मेसेज गप्प आहे, ते सोयीचंच असणार.

मटणावरून एक कामाची गोष्ट. मळातलं न दिसणारं रक्त शोधायच्या दोन तपासण्या आहेत. जुन्या ग्वायाकवाल्या तपासणीत कालचं मटण आणि मुळा यांनीही खोटा होकार येतो, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खोटा नकार. नवी तपासणी, एफआयटी, फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे तांबडा-पांढरा झाला तरी फरक पडत नाही. मळ भांड्यातल्या पाण्याला लागण्याआधी कागदावर घ्यायचा, काडी चार-पाच ठिकाणी फिरवायची, खाचा भरतील एवढाच मळ, जास्त नको. बाटलीवर तारीख घालून शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत दिवसभर ठेवली तर हिमोग्लोबिन नासतं आणि रक्त असून नकार येतो. आणि लक्षणं चालूच असतील तर नकार आला म्हणून विषय मिटत नाही.

‘साखर बंद, गूळ चालू, गाठ उपाशी’

गूळही त्याच उसाचा. गुऱ्हाळावर काहिलीत जो रस आटतो त्यात बहुतांश सुक्रोजच असतं. कॅन्सरची पेशी साखर जास्त ओढते हे ऑटो वॉरबर्गनं १९२०च्या दशकातच दाखवलं आणि पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. पण रक्तातली साखर यकृत राखतं. खाणं तोडलं की ते स्नायू मोडून साखर बनवतं. म्हणजे गाठ जेवते, दंड-मांड्या सुकतात, आणि अशा पेशंटला केमो झेपत नाही. मधुमेह असेल तर साखरेला आवर घालायचाच, पण तो मधुमेहासाठी.

‘चाकू लागला की पसरतो’

बायोप्सीत चाकू नसतो. दुर्बिणीतून चिमटा जातो आणि आतल्या अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे आणतो. पसरणं ठरतं ते गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल उतरली आणि शेजारच्या लसिकाग्रंथींच्या (संरक्षक पेशींच्या छोट्या गाठींच्या) साखळीत किती पोहोचली यावर, आणि ते तुकडा घेण्याआधीच ठरलेलं असतं.

या समजुतीत खऱ्याचा एक कण आहे. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टन असतं, त्यातच लसिकाग्रंथी असतात. ते फाडून ऑपरेशन झालं की रोग तिथंच उलटायचा. १९८२ साली ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी ते वेष्टन अखंड, पिशवीसारखं बाहेर काढायची पद्धत मांडली आणि उलटण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. थोडक्यात, चाकूनं नाही, चुकीच्या थरातून फिरलेल्या चाकूनं पसरतो. म्हणून गुदाशयाच्या गाठीत ऑपरेशनआधी एमआरआय झाला का, हे विचारा. नंतर पॅथॉलॉजीच्या अहवालात दोन आकडे बघा : किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्यात का, आणि काढलेल्या भागाची बाजूची कड कॅन्सरपासून १ मिलिमीटरहून जास्त सुटी आहे का. सहाच ग्रंथी तपासून ‘ग्रंथी स्वच्छ’ लिहिलं असेल तर तो निर्वाळा कच्चा आहे.

आणखी एक व्यवहाराची बाब : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचाराला मंजुरी घ्यायची तर बायोप्सीचा अहवाल जोडावा लागतो. ‘बायोप्सी नको’ म्हणणाऱ्याचा खर्च मग खिशातून.

‘इंजेक्शननं शंभर टक्के बरे, डॉक्टर लपवतात’

लपवायला काही नाही, सगळं छापून आलंय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डोस्टारलिमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी सहा महिने दिलं. २०२२ साली पहिल्या १२ जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली; २०२५च्या अहवालात गुदाशयाच्या ४९ पैकी ४९ जणांची. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, पोटावर शौचाची पिशवी नाही. आकडा खरा आहे.

मेसेजनं गाळलं ते हे : हे सगळे निवडलेले पेशंट होते, ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची एक यंत्रणा बंद पडलेली होती. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्यातल्या चुका एमएमआर नावाची प्रथिनं तपासून दुरुस्त करतात, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी. तो शोधकच गायब असला की चुकांचा ढीग लागतो, पेशीवर विचित्र प्रथिनं उमटतात आणि शरीराची संरक्षक फौज त्यांना परकं म्हणून ओळखते. गाठ मग त्या फौजेचा ब्रेक दाबून धरते. डोस्टारलिमॅब तो ब्रेक सोडवतं, बस्स. ज्या गाठीत शोधक जागेवर आहे तिथं ओळखण्यासारखं फारसं काही नसतं, ब्रेक सोडूनही गाडी हलत नाही. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा प्रकार साधारण १५ टक्के, गुदाशयात त्याहून बराच कमी. उरलेल्यांनी या इंजेक्शनच्या आशेवर केमो-रेडिएशन लांबवलं तर गाठ वाढण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

आपली गाठ कुठल्या गटातली, ते बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर कळतं (म्हणजे मेसेजमधलं हे वाक्य मागचं वाक्य खोडतं). एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या चार प्रथिनांचे रंग लावतात. चारही रंगली तर यंत्रणा शाबूत. गाठ रंगली नाही आणि शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या, तरच ‘गायब’ म्हणायचं. निरोगी पेशीही कोऱ्या असतील तर रंगाई फसलीय, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरला नसेल; तपासणी पुन्हा करून घ्या. पहिली दोन जोडीनं गायब असतील तर पुढं गाठीतलं बीआरएएफ हे जनुक तपासतात. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या दोषाचा, संशय येतो. रक्ताच्या तपासणीत तो पक्का झाला तर भाऊ-बहीण-मुलं यांत प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि असेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू करून एक-दोन वर्षांनी करावी लागते. अहवालात एमएमआरचा उल्लेखच नसेल तर मागा. बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडे असतो. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना नुसती फाइल नको, ब्लॉक आणि स्लाइडही घेऊन जा.

बाकीच्यांतही काहींची गुदाशयाची गाठ केमो-रेडिएशननंच पूर्ण विरघळते. अशांना ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायचा मार्ग ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ साली दाखवला. पण ‘लक्ष’ म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोटानं तपासणी, दुर्बीण आणि वेळोवेळी एमआरआय. साधारण चौघांत एकाची गाठ दोन वर्षांत तिथंच परत उगवते. वेळेत सापडली तर ऑपरेशननं निभावतं. तारखा चुकवणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

‘चालणं केमोपेक्षा सरस’

‘चॅलेंज’ नावाचा हा अभ्यास २०२५ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. ८८९ पेशंट, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं आणि सगळ्यांची केमो आधीच पुरी झालेली. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, निम्म्यांना माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी रोग न उलटता असलेले ८०.३ विरुद्ध ७३.९ टक्के, आठ वर्षांनी हयात ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. म्हणजे सामना व्यायाम आणि पुस्तिका यांचा होता. केमो मैदानात नव्हतीच, ती खेळून झाली होती.

केमोची भीती कमी व्हावी असंही घडलंय. तिसऱ्या टप्प्यातल्या (लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या) पण त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या गाठींना सहा महिन्यांऐवजी तीन महिने कॅपेसिटाबिन-ऑक्झालिप्लॅटिन पुरतं, हे २०१८ साली १२ हजारांहून अधिक पेशंटांच्या आकड्यांवरून दिसलं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. लोक चुकतात ते इथं : जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चारनं वाढले तरी ‘कोर्स पुरा करायचा’ म्हणून गोळी रेटतात. ती त्या क्षणी थांबवून फोन करायचा असतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात.

व्यायामाचा हिशेब असा : आधीच्या हालचालीवर भर म्हणून झपझप चालणं, ४५ ते ६० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. रंकाळ्यावर गप्पा मारत, मध्ये भेळेला थांबत घातलेला फेरा यात धरू नका. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. पहिल्या महिन्यात दहा-पंधरा मिनिटांपासून वाढवत न्या. अभ्यासातही व्यायामवाल्यांत स्नायू-हाडांच्या तक्रारी जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५. ऑक्झालिप्लॅटिन घेतलेल्यांचे तळवे बरेच महिने बधिर राहू शकतात. कोल्हापुरी चपलेचा पट्टा बोट सोलत असला तरी त्यांना कळत नाही, म्हणून मोजे आणि बंद बूट, आणि घरी आल्यावर तळवे डोळ्यांनी बघायचे.