मशीनला कशाला बदनाम करता

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या फोंड्याच्या शाळेच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. म्हणे टीव्ही, फोन, इंटरनेट माणसं मारतात असले हॉरर सिनेमे ही 1998 ला 'रिंगू'ने काढलेली जपानी फॅशन, या सगळ्या सिनेमांचं म्हणणं एकच की मशीन वाईट, व्हिडिओ कॅसेट गेल्या तशी भीतीपण गेली, आणि भारतात असलं काही बनलंच नाही. चारही गोष्टी चूक आहेत बाबांनो.

जपानी फॅशन? अरे 1983 ला कॅनडाच्या डायरेक्टर क्रोनेनबर्गचा 'व्हिडिओड्रोम' आलेला, त्यात टीव्ही चॅनल चालवणाऱ्या माणसाच्या पोटालाच फट पडते आणि तिथे कॅसेट सरकवतात. त्याच्या आदल्या वर्षी 'पोल्टरगाईस्ट', छोटी पोर रात्री टीव्हीवरच्या मुंग्यांशी गप्पा मारत बसते. झालं.

मशीन वाईट हा मुद्दा मात्र मला खरंच खटकला, कारण 'रिंगू' नीट बघितला असता तर असं लिहिलंच नसतं. (शेवट सांगतोय, बघायचा असेल तर हा पॅरा सोडा.) कॅसेट बघितली की सात दिवसांत मरण, हे सगळ्यांना माहितेय. हिरोईन विहिरीत उतरून सदाकोचा, म्हणजे कॅसेटमधल्या भुताचा, सांगाडा शोधते, आपल्याला वाटतं सुटली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा आधीचा नवरा मरतो, तोच सदाको टीव्हीतून बाहेर येण्याचा सीन. मग तिची ट्यूब पेटते की आपण वाचलो ते कॅसेटची कॉपी काढून त्याला दाखवली म्हणून. आता कॅसेट बघून बसलेल्या पोराला वाचवायचंय, तर बाई व्हीसीआर गाडीत टाकून निघते कुठे, स्वतःच्या बापाकडे! मशीनने काय केलं यात? आमची आजी देवचाराच्या, म्हणजे गावच्या राखणदार भुताच्या, गोष्टी सांगायची, पण देवचाराला सीम, म्हणजे हद्द, असते, रोट आणि विडी ठेवली की तो राखणच करतो. सदाकोला सीमच नाही, तिची सीम आपण वाढवतो, एकेक कॉपी काढून. आणि ही पोस्ट लिहिणाऱ्याने खाली काय टाकलंय, तर '10 ग्रुपवर पाठवा'. धन्य!

कॅसेट गेल्या म्हणून भीती गेली म्हणता, मग 'होस्ट' बघा, 2020 चा. लॉकडाऊनमध्ये झूमवरच्या प्लँचेटवर काढलाय, नटांनी आपापल्या घरी स्वतःच लाईट-कॅमेरा लावला, सगळा मिळून तासाभराचापण नाही. मी तो पावसात डाऊनलोड करून बघत होतो, मधेच लाईट गेली, आणि हॉलमधला इन्व्हर्टर टूं करून ओरडला तेव्हा मी लॅपटॉप धाडकन मिटला ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडला. कॅसेट कुठेय त्यात?

आणि भारतात नाही? माधवनचा '13बी', 2009, तमिळ आणि हिंदी दोन्हीत. नवीन फ्लॅट, दुपारी एकला घरातल्या बायका 'सब खैरियत' सिरीयल लावतात, आणि सिरीयलमधल्या घरात जे होतं तेच यांच्या घरात व्हायला लागतं. आईने दुपारी सिरीयल लावली की मी अजून एकदा डोकावून बघून घेतो, पडद्यावरचं किचन आमचं तर नाही ना.