बोर्डावरची फ्लॅश म्हणजे पेनड्राइव्ह नव्हे

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत ठिबकचे कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय. कंट्रोलरमधल्या, लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाबद्दल आणि त्यावरच्या फ्लॅशबद्दल (वीज गेली तरी माहिती जपणारी चिप) तो मेसेज सांगतो: "आतली फ्लॅश म्हणजे सोल्डर केलेला पेनड्राइव्ह. एलएसबीएलके मारा. दिसली तर डीडीने इमेज टाका, नाही दिसली तर चिप गेली. लाइन जाते तिथं फ्लॅश टिकत नाही, मेमरी कार्डावर चालवा. बोर्ड उठतच नसेल तर भंगारात द्या. आणि काही करण्याआधी बॅकअप घ्या." (एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा; डीडी ही इमेज, म्हणजे अख्ख्या सॉफ्टवेअरची एकसंध फाइल, जशीच्या तशी लिहिणारी.)

लिहिणाऱ्याच्या हाताखालून बहुधा ईएमएमसी या प्रकारच्या फ्लॅशवालेच बोर्ड गेले असावेत. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर असते तशी ईएमएमसी असेल, तर पेनड्राइव्हची गोष्ट बऱ्यापैकी खरी. चिपच्या आतच फ्लॅशचा स्वतःचा कंट्रोलर बसलेला असतो, खराब ब्लॉक तोच सांभाळतो, म्हणून डीडी चालतं.

पण नुसती नँड, म्हणजे असा कंट्रोलर नसलेली फ्लॅश, असेल तर मधे कोणीच नसतं. तिथं लिहिण्याआधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पान (एका वेळी लिहायचा तुकडा) २ केबीचं असलं तरी पुसायचा ब्लॉक बहुतेक १२८ केबीचा. शिवाय काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब अशी खूण होऊन येतात. डीडीला यातलं काहीच कळत नाही, ते सरळ रेषेत ओतत जातं. खराब ब्लॉक वगळून इमेज पुढं सरकवायचं काम नँडराइट ही आज्ञा करते. यूबीआयची (नँडचे ब्लॉक सांभाळणाऱ्या लिनक्सच्या थराची) इमेज असेल तर यूबीआयफॉरमॅट ही आज्ञाच वापरा, कारण कोणता ब्लॉक किती वेळा पुसला याची नोंद ते जपतं. नँडला साधी डिस्क भासवणाऱ्या एमटीडीब्लॉकवर ईएक्सटी४ ही डिस्कसाठीची फाइल व्यवस्था बनवून बसलेलेही लोक आहेत. काहून बाप्पा?

"दिसली नाही म्हणजे गेली" हे तर त्याहून वाईट. नँड एमटीडी (नुसत्या फ्लॅशसाठीचा लिनक्सचा वेगळा वर्ग) म्हणून येते, एलएसबीएलकेच्या यादीत ती नसली तरी बिघाड समजू नका. प्रॉक फोल्डरमधली एमटीडी नावाची फाइल वाचा, सगळे भाग आकारासकट दिसतील. ईएमएमसीत उलटी गंमत होते: जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) कार्ड घातलं की एमएमसीब्लॉक शून्य आणि एक या डिस्कांच्या नावांची अदलाबदल होऊ शकते, आणि माणूस भलत्याच डिस्कवर इमेज ओततो. ज्याच्या नावापुढं बूट० आणि बूट१ असे जोडभाग दिसतात तीच ईएमएमसी. कार्डाला ते नसतात.

लाइनचं म्हणाल तर आपल्याकडे ती जाणारच. पण मेमरी कार्ड तरी कशाचं असतं? तेही फ्लॅशच, आणि बाजारातलं स्वस्त कार्ड बहुधा आधी दगा देतं. यूबीआयएफएस ही यूबीआयवरची फाइल व्यवस्था अचानक वीज जाण्याचा विचार करूनच बांधलेली आहे. रूट, म्हणजे मुख्य फाइल व्यवस्था, फक्त वाचण्यापुरतं ठेवा आणि लॉग (कामाच्या नोंदी) रॅममध्ये, टीएमपीएफएसवर लिहा; झीज बरीच कमी होते.

भंगाराची घाई करू नका. बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) पुसला गेला तरी प्रोसेसरच्या आतला रॉम, म्हणजे न पुसला जाणारा कायमचा कोड, शाबूत असतो. बीगलबोनवर कार्डाच्या खाचेजवळचं बटण दाबून धरून वीज द्या, तो कार्डावरून उठतो. ऑलविनर कंपनीच्या चिपांना यूएसबीवरून जागं करायला एफईएल मोड आहे. आणि ३.३ व्होल्टची सीरियल केबल लावून बूटचे संदेश वाचल्याशिवाय कोणताही बोर्ड मेला म्हणू नये, असं माझं मत.

बॅकअपचा सल्ला मात्र बरोबर. फक्त नँडचा घ्यायचा तो नँडडंप या आज्ञेने.